फक्त बोलण्याचा दिवस

गुडघेदुखीवरचे डॉक्टर सव्वानऊला थांबले आणि मी वहीत लिहिलं, ‘आवाज स्पष्ट. ठीक.’ डॉक्टर काय बोलले ते विचाराल तर देवाशपथ सांगते, मला निम्मंसुद्धा कळलं नव्हतं. मी आवाजाच्या काट्याकडे बघत बसले होते. काटा हलतोय म्हणजे माणूस बोलतोय, एवढंच काय ते माझं ऐकणं.

रेडिओच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर माझी खोली आहे. टेबल, स्पीकर, काटा, फोन आणि वही. जे देशभर जातं ते दिवसभर ऐकायचं, कुठे बिघडलं की तत्क्षणी स्टुडिओला फोन करायचा आणि वहीत नोंद करायची. एकतीस वर्षं मी हेच केलं. “बाईंची वही म्हणजे दगडावरची रेघ,” असं आमचे साहेब नव्या लोकांना सांगतात. दोन वर्षांपासून कान साथ सोडायला लागले, ते मात्र मी कुणाला सांगितलं नाही. समोरच्याचे ओठ दिसले की मी निभावून नेते. गाण्याचा ठेकाही जाणवतो. पण स्पीकरला ओठ नसतात आणि नुसतं बोलणं म्हणजे माझ्यासाठी भिंतीपलीकडची कुजबुज. त्यात वर्षातून एकदा आमच्या केंद्राला हुक्की येते. सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकही गाणं लावायचं नाही. भाषणं, मुलाखती, वादविवाद, नाटक. तो दिवस आज होता.

“रजा टाक,” निघताना हे म्हणाले होते.

“नेमकी आजच? लोक काय मूर्ख आहेत? निवृत्तीला चौदा महिने राहिलेत. झाकली मूठ झाकलेलीच राहू दे.”

“लोक डॉक्टरकडे कान दाखवायला जातात. तू रोज ऑफिसात लपवायला जातेस.”

मला राग आला, कारण खरं होतं.

साडेदहाला एका निवृत्त दीपगृहरक्षकाची मुलाखत झाली. ठीक. अकराला लहान मुलांच्या तापावर एक परिचारिका बोलली. ठीक. साडेअकराला पुलांच्या इतिहासावर प्राध्यापकांचं भाषण लागलं.

इथे आमच्या कामाची एक रीत सांगायला हवी. एक भाषण चालू असताना खाली स्टुडिओत मौनीबाबा पाच मिनिटं पुढची टेप दुसऱ्या मशीनवर लावून बघतो. हा आमचा कन्सोलवाला, आवाजाची बटणं सांभाळणारा. दिवसाला चार वाक्यं बोलतो, म्हणून हे नाव. त्या पाच मिनिटांत त्याच्या हेडफोनमध्ये पुढची टेप वाजत असते. बाहेर काय जातंय ते तेव्हा इमारतीत एकच माणूस ऐकतं. मी.

काटा जोरात नाचत होता. प्राध्यापक रंगात आले असावेत असं मला वाटलं. मी लिहिलं, ‘ठीक.’

सव्वाबाराला साहेब हातात चिठ्ठ्या घेऊन आले.

“बाई, नऊ फोन आले. पुलांच्या भाषणात म्हणे चार मिनिटं दुसरंच कुणी बोलत होतं. तुमची वही बघू.” त्यांनी नोंद वाचली आणि त्यांचा चेहरा मोकळा झाला. “मला वाटलंच. इथून चांगलं गेलं, म्हणजे घोळ पुढे प्रक्षेपणाच्या टॉवरवर झालाय. टॉवरवाला म्हणतो, आलं तेच पुढे सोडलं. तो म्हणणारच. गेल्या महिन्यात एकदा समज दिलीय त्याला. आता निलंबन.”

ते गेले आणि मौनीबाबा आत आला. चेहरा पांढराफटक पडला होता. माझ्यासमोर उभा राहून त्याने दिवसभराची वाक्यं एकदम संपवली.

“बाई, दुसऱ्या मशीनचा आवाज माझ्याकडून वर राहिला होता. नंतर दिसलं मला. पण तुमचा फोन आला नाही, म्हणून म्हटलं बाहेर काही गेलंच नसेल. गेलं का हो?”

त्याचा माझ्यावरचा तो विश्वास बघून मला भडभडून आलं.

“गेलं,” मी म्हणाले.

“मग तुम्ही फोन का नाही केला?”

टॉवरवाल्याला मी कधी बघितलेलंसुद्धा नाही. डोंगरावर एकटाच बसतो, आणि माझ्या एका शब्दावर उद्या घरी बसणार होता. मी पेन घेतलं. ‘ठीक’ खोडलं आणि खाली लिहिलं, ‘दोन आवाज एकदम गेले. चूक इमारतीतलीच. ड्युटीवर मी होते. मला ऐकू आले नाहीत. दोन वर्षांपासून ऐकू येत नाही.’

“माझंही लिहा,” मौनीबाबा म्हणाला.

“तुझं तू लिही.” त्याने लिहिलं.

वही मीच साहेबांच्या टेबलावर नेली. त्यांनी वाचली, पुन्हा वाचली, मग उठून खिडकीशी गेले. पाठ माझ्याकडे. खांदे हलले, म्हणजे काहीतरी बोलले असावेत. एरवी मी “हो साहेब” म्हटलं असतं.

“साहेब,” मी म्हणाले, “इकडे वळून परत सांगा. मला ऐकू आलं नाही.”

ते वळले. “अठरा वर्षं तुमच्या वहीवर सही करतोय. मला कळलं कसं नाही, असं म्हणत होतो.”

“मी कळू दिलं नाही. ते राहू द्या. आधी माझ्या जागी कुणाला तरी बसवा. एकला वादविवाद आहे, पाच जण एकदम बोलतात.”

दुसरं कुणी मोकळं नव्हतं. साहेब स्वतः वर आले आणि माझ्या खुर्चीत बसले. मी स्टूल ओढून शेजारी बसले. एक वाजला. थोड्या वेळाने त्यांनी कपाळाला आठी घातली, फोन उचलून स्टुडिओला काहीतरी सांगितलं आणि वहीत एक ओळ लिहिली. काय ऐकू आलं, ते मी विचारलं नाही.