महाराजांनी काढलेली तिथी

दर गुरुवारी एकलहऱ्याजवळच्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये पाय ठेवायला जागा नसायची. पोटातलं पोर कोणत्या तिथीला राहिलं, ते महाराज म्हणे डोळे मिटून सांगत. महाराज इकडचेच, पण गादीवर बसले की हिंदी फुटायची. "माताजी, डॉक्टर की मशीन बाहर से देखती है, हम अंदर बैठ के देखते हैं!" ते गरजले, की बाया कानशिलांवर बोटं मोडत.

त्या गुरुवारी वत्सलाबाई सून मोहिनीला घेऊन रांगेत बसल्या होत्या. मुलगा किशोर दाराशी उभा होता, कुणाकडेही न बघता.

चारच दिवसांपूर्वी, दसरा झाल्यावर, नाशिकरोडच्या डॉक्टर सुमेधाताईंनी मोहिनीला तपासून "दोन महिने झालेत" असं सांगितलं होतं. घरात पेढे वाटायचे, तर किशोर बोटांवर दिवस मोजू लागला. तो लासलगावचा कांदा ट्रकनं गुवाहाटीला न्यायचा. आषाढात गेलेला, तो थेट पोळ्याला परतला. पोळा होऊन जेमतेम दीड महिना झाला होता.

"आई, मी काय बी वाईट केलं नाय," मोहिनी एवढंच म्हणाली. वत्सलाबाईंना ते पटत होतं. पण डॉक्टरांचे दोन महिने कुठं बसवायचे ते त्यांना कळत नव्हतं.

रांगेत शेजारी लताबाई नावाची एक गोड बाई येऊन टेकली. "कितवा महिना? मालक काय करत्यात?" वत्सलाबाईंचं मन भरून आलेलं. त्यांनी सगळं सांगून टाकलं. ऐकून लताबाई पाणी प्यायला म्हणून आत गेली.

मोहिनीचा नंबर आला तेव्हा महाराजांनी डोळे मिटले. "गाडी... लंबा रास्ता... पती दूर... नारळी पौर्णिमा! उसी दिन बीज पड़ा!"

शेडभर कुजबुज उठली. महाराजांनी तिच्या तळव्यावर तीर्थ ओतलं आणि तो तळवा पिवळ्या वस्त्रावर दाबला. वस्त्रावर लालभडक पंजा उमटला.

"देखो! पाप का रंग!"

मोहिनीनं किशोर उभा होता तिकडे बघितलं. तो चपला घालून निघून गेला होता. दुसऱ्या दिवशी तिचा भाऊ येऊन तिला माहेरी, लासलगावला, घेऊन गेला. वत्सलाबाई उंबऱ्यात उभ्या राहिल्या.

शेवटी त्या एकट्याच दवाखान्यात गेल्या. "बाई, तुमचं चुकलं तर नसंल ना?"

सगळं ऐकून सुमेधाताईंनी कपाळावर हात मारून घेतला. "अहो, दोन महिने म्हणजे पोर राहून दोन महिने नव्हेत. शेवटची पाळी आली, त्या दिवसापासून आम्ही मोजतो. गर्भ राहिल्याचा नेमका दिवस आम्हालाही सांगता येत नाही. तो साधारण पाळीनंतर दोन आठवड्यांनी राहतो, थोडा मागेपुढे. तिची पाळी कधी आली होती, आठवतं?"

वत्सलाबाई आठवू लागल्या, आणि त्यांचा चेहराच उतरला. "राखीला. तिचा भाऊ आला तवा ती बाजूला बसली होती. पडवीतच राखी बांधली. ताट मीच सरकवलं होतं."

"राखी म्हणजेच नारळी पौर्णिमा. ज्या दिवशी पाळी आली, त्याच दिवशी गर्भ राहिला म्हणतो तुमचा महाराज! तिथून दोन आठवडे पुढे या."

"पोळा," वत्सलाबाई पुटपुटल्या.

"आणि तो लाल पंजा?" ताईंनी बँडेजच्या तुकड्याला हळद फासली, शिपायाच्या तंबाखूच्या डबीतला चुना पाण्यात कालवला आणि बोट बुडवून त्यावर टेकवलं. लाल ठसा उमटला. वत्सलाबाई बघत राहिल्या. लहानपणी त्यांच्या आईनं हळदीचं कुंकू असंच केलेलं त्यांनी पाहिलं होतं.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी किशोरलाही ताईंकडे नेऊन सगळं ऐकवलं. पुढच्या गुरुवारी त्याला सोबत घेऊन त्यांनी शेडमध्ये तेच करून दाखवलं. पुढच्या बाया वाकून बघू लागल्या. "देवाची टिंगल करता?" असं ओरडत सेवेकऱ्यांनी दोघांना बाहेर ढकललं. तिकडे लताबाई एका नव्या सासूशेजारी टेकली होती. वत्सलाबाई दारातूनच ओरडल्या, "अहो, तिला काय बी सांगू नका! ती आत जाऊन सांगती!" सासूनं मान फिरवली.

तिथूनच मायलेक लासलगावला गेले. मोहिनी दारातच उभी राहिली. किशोरनं हात जोडले. "चुकलो मी. डॉक्टरबाईंनी सगळं समजावून सांगितलं. चल घरी."

"त्यांनी सांगितलं, तवा पटलं," मोहिनी म्हणाली. "मी सांगत होते तवा?"

किशोरनं जोडलेले हात खाली घेतले.

"आई, तुम्हाला तर राखीचं ठाऊक होतं."

वत्सलाबाईंनी मान खाली घातली. मोहिनीनं दार लोटलं. आतून कडी लावल्याचा आवाज आला.

गर्भाचे महिने पाळीपासून मोजतात, ही गोष्ट कुणाही डॉक्टरला विचारली तर कळते. तीर्थाचा पंजा लाल का उमटतो, ते चुना आणि स्वयंपाकघरातली हळद एकत्र केली की कळतं. या दोन्ही गोष्टी डोळे मिटणाऱ्याला विचारायची गरज नाही. आणि ज्या बाईच्या पोटात ते पोर आहे, तिला सगळ्यांच्या आधी विचारावं. कडी लागल्यावर मग नुसतं दारात उभं राहावं लागतं. किशोर आणि वत्सलाबाई तसेच उभे होते, लासलगावची शेवटची एसटी निघून जाईपर्यंत.