कानशिलांवरचं पांढरं

कोकिळानं तिसऱ्यांदा नाक खोडलं तेव्हा कागदाचं अंग निघालं. खरखरीत झालेल्या जागेवर तिनं बोट फिरवलं, खोडरबराचे कण फुंकून उडवले आणि पुन्हा पेन्सिल धरली. कपाळ जमलं होतं, कान जमले होते, हनुवटीवरची खळीसुद्धा जागेवर बसली होती. तरी कागदावर होता तो नुसता एक माणूस होता. वैजीनाथकाका नव्हता.

ओसरीच्या दुसऱ्या टोकाला आबासाहेब, तिचे वडील, सुपारी कातरत बसले होते. अडकित्त्याचा आवाज थांबला.

“झालं का गं?”

“न्हाई आबा.”

“राधाकिशन सोनार उद्या यायलाय. परवा आखिती.”

“माहितंय.”

“दोन सालं हैद्राबादेत ठिवलं तुला मामाकडं. गाव काय काय बोललं, ऐकून घेतलं. आन् घरच्या माणसाचं एक तोंड निघंना व्हय?”

आतून तिची आई, कमलबाई, म्हणाली, “तोंड हाय ते, भाकर न्हाई थापली की झाली.”

आबासाहेब हसले नाहीत. अडकित्ता पुन्हा चालू झाला.

घराची रीत जुनी होती. माणूस गेलं की त्याचा चांदीचा टाक करायचा, म्हणजे बोटाएवढ्या पत्र्यावर उठवलेली मूर्ती, आणि ती देवघरात पूर्वजांच्या ओळीत बसवायची. मग दर अक्षयतृतीयेला त्याच्या नावानं पाण्याची घागर भरायची, म्हणजे पितर तहानलेले राहत नाहीत. वैजीनाथ हा आबासाहेबांचा पाठचा भाऊ. पोलिस ॲक्शनच्या आधीच्या उन्हाळ्यात एका पहाटे तो निजामाशी लढणाऱ्यांच्या सरहद्दीवरच्या कॅम्पाकडे निघून गेला, तो परत आला नाही. त्याचा देह कुणी पाहिला नव्हता, आणि तो जिवंत दिसल्याचंही कुणी छातीठोकपणे सांगत नव्हतं. सात वर्षं टाकाचा विषय कुणी काढला नव्हता.

यंदा होळीनंतर आबासाहेबांना स्वप्न पडलं. वैजीनाथ आडाच्या काठाशी उभा होता आणि पाणी मागत होता. दुसऱ्या दिवशी त्यांनी पालमला सोनाराकडे निरोप धाडला.

राधाकिशन सोनाराचा ठसा एकच होता: पागोटं, मिशा, हातात तलवार. देवघरातले सगळे पूर्वज त्याच एका चेहऱ्याचे होते, आणि आजवर कुणाला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. पण आबासाहेबांनी या वेळी हट्ट धरला. टाकावर वैजीनाथाचंच तोंड पाहिजे. फोटो एकही नव्हता. पोरगी चित्रं शिकतेच आहे, तर तिनं काढून द्यावं.

टाक बसला की वैजीनाथाच्या बायकोचं, छबूकाकूंचं, कुंकू जाणार होतं. हे घरात कुणी बोललं नव्हतं. पण हैद्राबादेहून आल्या दिवशी कागद ठेवायला कोकिळानं पेटी उघडली, तेव्हा सगळ्यांत वर एक बिनकाठाचं, फिकं लुगडं घडी करून ठेवलेलं तिला दिसलं. कमलबाईंनी गंगाखेडच्या बाजारातून आणलेलं. तिनं झाकण लावलं आणि कागद उशाशी ठेवले.

छबूकाकू त्या दिवसांत नेहमीसारख्याच वागत होत्या. चूल पेटवायच्या, भाकरी करायच्या, म्हशीचं बघायच्या. भासऱ्यांसमोर, म्हणजे थोरल्या दिरासमोर, त्या कधी बोलल्या नव्हत्या, आताही बोलल्या नाहीत. फक्त कोकिळा चित्र काढायला बसली की ओसरीवरून जाणं टाळून त्या परसातून वळसा घेऊन गोठ्यात जायच्या.

कोकिळानं नवा कागद पाटावर लावला. हातात हे बळ आलं होतं की पान, झाड, गाडीचं चाक, वखर, काही म्हणा, ती डोळे मिटून काढील. पुस्तकांत छापायची चित्रं काढायची, हेच तिला शिकायचं होतं. नव्यानं निघालेल्या मराठी वाचनपुस्तकात तिनं एक शेतकरी पाहिला होता. त्याचं औत भलत्याच मुलखातलं होतं आणि तोंड तर कुठल्याच मुलखातलं नव्हतं. ते पान पाहून तिनं मनाशी ठरवलं होतं की आपल्याकडची पोरं जी पुस्तकं वाचतील, त्यांतली माणसं आपण काढू. पण गेल्या परीक्षेत मास्तरांनी तिची सगळी चित्रं भिंतीशी ओळीनं लावली, पानाफुलांवर मान डोलावली आणि एका म्हाताऱ्याच्या चेहऱ्यापाशी ते थांबले.

“ये किसकू देखरा?” त्यांनी विचारलं.

तो म्हातारा कुणाकडेच बघत नव्हता.

“छुट्टीत एक चेहरा काढ,” मास्तर म्हणाले. “एकच. पण तो कुणाकडे तरी बघत असला पाहिजे. त्याशिवाय पुढच्या वर्गात घेणार नाही.”

तो प्रश्न तिनं आधीही ऐकला होता, म्हणून तर तो तिला फार लागला. पोळ्याच्या आदल्या दिवशी वैजीनाथकाका बैलांची शिंगं रंगवायचा आणि उरलेल्या गेरूनं गोठ्याच्या भिंतीवर बैल काढायचा. लहानगी कोकिळा गेरूचं गाडगं धरून उभी असायची. “बैल काढायच्या आधी त्यो कुणाकडं बघायलाय ते बघ,” काका म्हणायचा. “मंग शिंगं आपसूक येतेत.” पहिली रेघ तिनं त्या भिंतीवर ओढली होती. भिंतीला नंतर चुना लागला. तो बैल मात्र अजून तिच्या डोळ्यांपुढे मान वळवून उभा होता. आणि ज्यानं बघायला शिकवलं, तो स्वतः कुणाकडे बघायचा हेच तिला आठवत नव्हतं.

दुपार चढली. आबासाहेब ओसरीवरच उशाला हात घेऊन आडवे झाले. कमलबाई कुंभाराकडून आणलेल्या दोन नव्या घागरी परसात धुवायला घेऊन गेल्या. कोकिळानं नाक पुरं केलं. चेहरा हुबेहूब म्हणावा असा झाला होता, आणि तरीही मेलेला होता. तिला स्वतःचीच भीती वाटली. या चित्राचा टाक अगदी बरोबर होईल, असं तिच्या मनात आलं.

मागं बांगड्या वाजल्या.

छबूकाकू दारात उभ्या होत्या, हाताला पीठ तसंच. त्यांनी आधी निजलेल्या भासऱ्यांकडे पाहिलं, पदर पुढं ओढला, मग हलकेच येऊन कागदाशी वाकल्या.

“काकू, चुकलंय का?”

“चुकलं न्हाई गं.” त्यांनी मान तिरकी केली. “पण लय ल्हान दिसायलेत.”

“म्हंजे?”

“हे तवाचे झाले. आता असे हायेत व्हय?” त्या अगदी साध्या आवाजात बोलत होत्या. “कानापशी पांढरे झाले असतील की. तुज्या आबाचे झाले, तसे. ह्या घरातल्या गड्यांचे तिथूनच पिकतेत.”

कोकिळाच्या हातातली पेन्सिल कागदापासून थोडी वर राहिली.

“आन् डोळ्याखाली असं,” छबूकाकूंनी पिठाचं बोट स्वतःच्या गालावरून ओढलं, “जरा उतरलं असंल. उन्हातान्हात हिंडणारं माणूस. वर तंबाखू. पुढचा दात तर मागल्या सालीच पडला असंल, तवाच हलायला होता.”

“काकू…”

“दात ऱ्हाऊ दे. तोंड मिटूनच काढलंस, बरं केलंस.” त्यांच्या ओठांच्या कडेला काहीतरी हललं. “लाजतेत ते.”

कोकिळानं मग तो प्रश्न विचारला. तिला वाटलं होतं, विचारायला फार कठीण जाईल.

“काकू, काका कुणाकडं बघायचे?”

छबूकाकूंनी हाताचं पीठ बोटावर बोट घासून काढलं.

“चारचौघांत माज्याकडं कवा बघतेत?” त्या म्हणाल्या. “जेवायला बसले की मान खाली. भाकर वाढाया गेलं की तेवढं वर बघायचे. बास म्हणून. बोलायचे न्हाईत, नुसतं बघायचे. मी तरी वाढायचेच.”

एवढं बोलून त्या आत गेल्या. पाटाच्या कडेवर पिठाचा ठसा राहिला.

कोकिळानं तिसरा कागद लावला. या वेळी तिनं डोळ्यांपासून सुरुवात केली. मान किंचित खाली, नजर वर, जवळ उभ्या असलेल्या माणसाकडे. एवढं होताच कपाळावर आठ्या आपोआप पडल्या. त्या कुठून सुरू होतात ते तिला शोधावं लागलं नाही. पण पांढरे होत चाललेले केस कसे दिसतात, ते आठवणीतून येईना. तिनं मान वळवली. आबासाहेब कुशीवर निजले होते. कानशिलावरचे केस मुळाशी काळे आणि पुढं राखी होते. डोळ्यांखालची कातडी सैल होऊन नाकाकडे ओढली गेली होती. गालाचं हाड वर आलं होतं. ती बघत राहिली, काढत राहिली. पान बघताना शीर कुठून फुटते हे ती जसं तपासायची, तसंच तपासत राहिली. कधी तरी तिच्या लक्षात आलं की कागदावर काय होत चाललं आहे. ती थांबली नाही. काकूंचं कुंकू वाचवण्यासाठी थांबली नाही की चित्र हातात आलं म्हणून थांबली नाही, हे तिला नंतरही नीट सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी राधाकिशन सोनार आला. त्यानं ओसरीवर गाठोडं सोडलं, लाखेचा गोळा, हातोडी, चांदीचा पत्रा मांडला, चहा प्याला आणि म्हणाला, “आणा मालक, तुमच्या लेकीचं काम. ह्या वयात मला नवा ठसा शिकवायली म्हंजे बघायलाच पाहिजे.”

कोकिळानं कागद पुढं केला. सोनारानं तो उजेडात धरला. मग त्यानं आबासाहेबांकडे पाहिलं. पुन्हा कागदाकडे.

“मालक,” तो चाचरत म्हणाला, “हे तर तुमीच हाव.”

“काय बोलायलास?”

“न्हाई, बघा की. वैजीनाथराव हाय, नक्कीच हाय, पण…” त्यानं कागद गुडघ्यावर ठेवला आणि चांदीचा पत्रा हळूच गाठोड्याकडे सरकवला. “जित्त्या माणसाच्या तोंडाचा टाक मी करीत नसतो. माज्या बापानंबी केला न्हाई. पाप लागतंय.”

आबासाहेबांनी कागद ओढून घेतला. रागानं त्यांची मान ताठ झाली होती. कोकिळा खांबाला टेकून उभी होती. आता ओरडतील, आता हैद्राबाद संपलं, असं तिला वाटलं. आत चुलीपाशी भाकरी थापायचा आवाज थांबला होता.

पण आबासाहेब ओरडले नाहीत. त्यांनी कागद जवळ धरला, मग हातभर लांब धरला. कागदावरचा माणूस खालून वर बघत होता. त्यांचा हात आपसूक कानशिलाकडे गेला आणि तिथेच राहिला.

“त्याचं तोंड मला दिसंना झालतं,” ते म्हणाले. “सपनातबी पाठमोराच हुता.” मग कोकिळाकडे न बघता त्यांनी विचारलं, “हे पांढरं कुणी सांगितलं?”

माजघराच्या दाराआड बांगड्या वाजल्या आणि गप्प झाल्या.

आबासाहेबांनी तिकडे पाहिलं. सोनाराकडे पाहिलं. कागदाची गुंडाळी करायला घेतली, पण ती नीट होईना. शेवटी त्यांनी तो तसाच मांडीवर ठेवला.

“ऱ्हाऊ दे राधाकिशन. यंदा ऱ्हाऊ दे.”

“आन् घागर?” आतून कमलबाईंनी विचारलं. “दोन आणल्यात.”

“दोनीबी भरा. एक देवापुढं, बापाची. दुसरी दारात ठिवा, लिंबाखाली. वर गलास ठिवा. पाणी तर जित्ता माणूसबी मागतो.”

अक्षयतृतीयेला दुसरी घागर लिंबाच्या सावलीत उभी राहिली. वाटेनं जाणारे दोघे-तिघे पाणी पिऊन गेले. पेटीतलं फिकं लुगडं कमलबाईंनी कुठं हलवलं, कुणी विचारलं नाही.

कोकिळा परत निघाली तेव्हा चित्र तिच्याजवळ नव्हतं. ते आबासाहेबांच्या उशाखाली गेलं होतं आणि ते मागायची तिची छाती झाली नाही. मास्तरांना दाखवायचा एकच चेहरा, आणि तो इथेच राहणार होता. गंगाखेडला आगगाडी गाठायची होती; पालमपर्यंत, पुढची मोटार धरायला, बैलगाडी दारात जुंपून उभी होती. छबूकाकू भाकरीचं फडकं घेऊन आल्या. कपाळावरचं कुंकू ताजं होतं. गाठोड्यात फडकं नीट बसवताना त्या खालच्या आवाजात म्हणाल्या,

“पुढल्या आखितीला येशील ना?”

“येईन की.”

“ये. तवर आणीक पिकतील.” त्यांनी गाठ मारली, ती ओढून घट्ट केली. “दर साली थोडं थोडं पांढरं करीत जावं लागंल, पोरी.”

कोकिळानं मान हलवली. गाडी हलली, आणि वळणापर्यंत तिनं मागं पाहिलं नाही. मग पाहिलं. छबूकाकू लिंबाखाली वाकून घागरीत पाणी किती उरलंय ते बघत होत्या.