पाठमोरं वाक्य

जपानी सिनेमातली तलवारबाज बाई फारशी बोलत नाही. ती चालत येते, थांबते, समोरच्या टोळीकडे एकदा बघते, आणि पुढचं काय ते तलवार बोलते. आमच्याकडे आली की मात्र ती बडबडायला लागते. तिचा आवाज माझा आहे, पण बडबड भाऊजींची.

भाऊजी म्हणजे माझे मोठे दीर. तलवारबाजीचे सिनेमे आणायचे, आपल्या भाषेत बोलते करायचे आणि पुढे पाठवायचे हा त्यांचा धंदा. संवाद तेच लिहितात. माझा नवरा मशीनवर बसतो, घराच्या मागच्या दोन खोल्यांना आम्ही स्टुडिओ म्हणतो आणि मला सगळे ‘आमची तलवार’ म्हणतात. तलवारीला कुठे जायचंय ते कुणी विचारत नाही, असं मी एकदा म्हणाले, तर दोघं भाऊ पोट धरून हसले. मी गंभीरपणे म्हणाले होते.

भाऊजींचा नियम सोपा आहे. ओठ दिसतात तिथे ओठांबरहुकूम, आणि बाई पाठमोरी झाली की आपलं वाक्य घालायचं. गप्प नायिका लोकांना झोप आणते म्हणे. म्हणून मूळ सिनेमात ती गवताची रुंद टोपी पुढे ओढून मुकाट निघालेली असते, तिथे आमची बाई धमक्या देते, मेलेल्या बापाशी बोलते, एकदा तर तिने खुनी कोण तेच आधी सांगून टाकलं होतं. भाऊजींना ते सिनेमा गेल्यावर कळलं.

मी बोलते ती खोली लहान आहे. भिंतींना गाद्या ठोकलेल्या, एक माईक, एक स्टूल, समोर काच. काचेपलीकडे सिनेमाचा पडदा आणि नवरा. माझा श्वाससुद्धा त्याला ऐकू जातो. त्याचं मला ऐकू येतं ते त्याने बटण दाबलं तरच. आमच्या संसाराचंही साधारण असंच आहे. दाराला आतून मूठ नाही. पूर्वी होती, पण ती किंचित खुळखुळायची आणि प्रत्येक हळव्या प्रसंगात टेपवर यायची, म्हणून भाऊजींनी पान्याने काढूनच टाकली. तेव्हापासून कुणी बाहेरून उघडलं तरच मी बाहेर. तेव्हा मी तक्रार केली नाही, कारण आवाज खरंच स्वच्छ यायला लागला होता.

मशीनच्या खोलीला लागून सासूबाईंची खोली आहे. त्यांना आता जवळजवळ दिसत नाही. स्पीकरवर वाजेल ते भिंतीतून त्यांना ऐकू जातं, त्यामुळे त्यांनी एकही सिनेमा पाहिला नाही आणि सगळे ऐकलेत. मी ताट घेऊन गेले की त्या लढाईची चौकशी करतात. एकदा म्हणाल्या, “तू आत बोलतेस ते खरं असतं. बाहेर आलीस की नुसतं हो हो करतेस.” मी त्यावरही हो म्हणाले.

यंदा मला दुसऱ्या गावाहून बोलावणं आलं. दृष्टिहीन मुलांच्या शाळेत पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करायला बाई हवी होती. राहायची सोय तिथेच. तिथे किंचाळायचं नाही, रक्त ओकून मरायचं नाही. पुस्तक उघडायचं आणि वाचायचं. इतकी वर्षं आरोळ्या ठोकून माझा घसा सकाळी उठल्यावर माझ्याशीच बोलत नाही. मला ते काम हवं होतं. इतकं हवं होतं की मी घरात सांगण्याआधी होकार कळवून टाकला. शाळेने एकदा मुदत वाढवून दिली होती; आता ठरलेल्या तारखेला सकाळपर्यंत पोचले नाही, तर ते दुसरी बाई घेणार होते.

नवऱ्याला म्हणाले, तूही चल. तो म्हणाला, मशीन कोण बघणार. भाऊजी मात्र प्रेमाने म्हणाले की हा सिनेमा होऊ दे, मग खुशाल जा. मागच्या सिनेमालाही ते हेच म्हणाले होते. त्याच्या शेवटी त्यांनी बाईच्या तोंडी घातलं होतं, ‘अजून एक लढाई बाकी आहे.’ मी निघायचं काढलं की ते हात जोडून म्हणायचे, “तूच बोललीस बाई, सगळ्या गावाने ऐकलं.” घरात हशा व्हायचा, मी पिशवी परत माळ्यावर टाकायची. ये रे माझ्या मागल्या.

या वेळी शेवटचा प्रसंग आला तो त्या तारखेच्या आदल्या दिवशी, दुपारच्या जेवणाआधी. बर्फ पडतंय. लढाई संपली आहे. बाई तलवार बर्फात रोवते, तिच्याकडे पुन्हा बघतही नाही, टोपी ओढते आणि रिकाम्या हातांनी वेशीबाहेर निघून जाते. मूळ सिनेमात नुसता वारा आहे. मला तो प्रसंग इतका आवडला की मी काचेला नाक लावून पाहिला. मग कागदावर नजर गेली. पाठमोऱ्या बाईसाठी भाऊजींनी लिहिलं होतं, ‘मी परत येईन.’

मी म्हणाले, हे मी बोलणार नाही.

भाऊजी बटणाशी आले. पुढचा सिनेमा ठरलेला आहे, लोकांना आशा लावायला नको का, असं त्यांनी समजावलं. मी म्हणाले, बाईने तलवार टाकलीय, ती येत नाही. त्यांनी चेष्टा केली, मग आवाज चढवला, मग परत खाली आणला. शेवटी म्हणाले, “एक वाक्य आहे. ते झालं की दार उघडतो.”

मी स्टुलावर बसले. गाद्यांच्या खोलीत गप्प बसलं की आपलंच रक्त कानात वाजतं. पिशवी सासूबाईंच्या दाराशी भरून ठेवली होती, संध्याकाळच्या गाडीचं तिकीट त्यात होतं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात. इथे तोंड उघड म्हणून मार होता. मी भाऊजींकडे बघितलंच नाही. मी नवऱ्याकडे बघत होते. दार त्याच्या हाताच्या अंतरावर होतं.

त्याने बटण दाबलं. “बोलून टाक ना,” तो म्हणाला. “कशाला वाढवतेस.”

मला त्याचा इतका राग कधीच आला नव्हता. मी नाही म्हणून मान हलवली.

मग तो उठला. कपाटातून एक जुनी टेप काढून त्याने मशीनला लावली, पुढे-मागे केली, कान देऊन ऐकली. काचेतून मला त्याचे हात तेवढे दिसत होते. भाऊजींचा चेहरा उजळला. त्यांनी स्वतः येऊन दार उघडलं आणि म्हणाले, “जा, सुटलीस. सापडलं.”

फार जुन्या एका सिनेमात बाई तिच्या धाकट्या भावाचा निरोप घेताना माझ्या आवाजात हेच ‘मी परत येईन’ बोलली होती. तेव्हा माझं नवीन लग्न झालं होतं आणि आवाजात मध होता. नवऱ्याने माझे सगळे हुंदके, आरोळ्या, श्वास वर्षानुवर्षं जपून ठेवले होते. ते मी प्रेम समजत होते. कदाचित असेलही. मला सोडवायला त्याने ती टेप काढली, की मशीन थांबू नये म्हणून, हे मी त्याला विचारलं नाही आणि त्यानेही बटण नसताना कधी काही सांगितलेलं नाही.

मी सरळ सासूबाईंच्या खोलीत गेले. त्या पलंगावर बसून होत्या, पिशवी पायाने चाचपत. या सगळ्या दिवसांत त्यांनी मला एकदाही थांब म्हटलं नव्हतं. मी पाया पडायला वाकले तेव्हा त्यांनी माझं मनगट धरलं.

“परत येशील ना?”

“हो,” मी म्हणाले.

“हे हो बाहेरचं,” त्या म्हणाल्या. “आतलं सांग.”

मला सांगायचं होतं की नाही, आई, मी येणार नाही, तुमचा राग नाही पण मी येणार नाही. एवढं त्यांना खरं सांगायलाच हवं होतं. मी तोंड उघडलं, आणि भिंतीपलीकडे नवरा सिनेमातल्या वाऱ्यावर वाक्य बसवून बघत होता ते मोठ्याने वाजलं. माझाच आवाज, तरुण, स्वच्छ.

“मी परत येईन.”

सासूबाई हसल्या. मी ‘आई’ म्हणाले, पण त्या भिंतीकडे कान लावून होत्या, आणि ते पुन्हा वाजलं. त्यांनी माझं मनगट सोडलं.

“मग जा,” त्या म्हणाल्या. “मी वाट बघते.”