नव्या खेपेची बंदूक

तिन्ही बंदुका नरहरपंतांनी गोणपाटावर शेजारी शेजारी ठेवल्या. यवतमाळजवळच्या लोहारा गावच्या माळावर फाल्गुनाचं ऊन पडलं होतं. पळसाच्या अंगावर पान म्हणून नव्हतं, नुसतं फूलच फूल, आणि त्या लाल रंगाकडे पाहायचं नाही म्हणून सेवादास मान खाली घालून बसला होता. पौषापासून त्याला लाल सोसत नव्हतं.

पौषातल्या त्या सांजेला बोरी अरबच्या अलीकडे, तांड्याच्या वावरात, ज्वारी हुरड्यावर आली होती आणि रानडुकरांचा उच्छाद चालला होता. सेवादास मचाणावर बसला, बंदुकीत गोळ्या भरल्या. बंदूक विलायती. बोल्ट एकदा मागे ओढून सोडला की झालं, मग चाप दाबत जावा, दर गोळीला बोल्ट ओढायची कटकट नाही. त्यानं बोल्ट ओढला, सोडला, आणि बंदूक आपणहून उडाली. चापावर बोट नव्हतं. खाली त्याचा धाकटा भाऊ फुलसिंग शिडीला हात घालत होता. थकलेला माणूस बांधावर टेकतो तसा तो ज्वारीत टेकला, आणि मग उठलाच नाही.

"बोट नव्हतं," सेवादास सांगत राहिला. फौजदाराला सांगितलं, तांड्याच्या नायकाला सांगितलं, सरणाजवळ भावालाही सांगितलं. लोक ऐकून घेत आणि चिलीम पुढे सरकवत. फुलसिंगची बायको गंगी मात्र स्पष्ट बोलली. जेठाशी, थोरल्या दिराशी, तोंडानं बोलायची रीत नाही, म्हणून घुंघट ओढून ती भिंतीला म्हणाली, "लोखंडाले जीभ नाही म्हणून त्याच्यावर ढकलनं सोपं हाये."

तांड्यात त्याच्यावर विश्वास ठेवणारं एकच माणूस उरलं होतं, त्याची आई हंसाबाई. "माह्या सेवाचं बोट मी ओळखतो. ते दूध काढताना गाईले दुखवत नाही," ती म्हणे. तिनं थोरल्याची बाजू घेतली म्हणून गंगीनं चूल वेगळी मांडली. दोन घरांत भिंत एकच. इकडे एक बाई रडायची, तिकडे दुसरी, आणि एकीनं दुसरीचे डोळे पुसायला जावं असं काही उरलं नव्हतं. फुलसिंगची लहानगी बिजली काकाच्या खांद्यावरून उतरायची नाही, तिलाही आईनं उंबऱ्याच्या आत ओढून घेतलं. सेवादासला सुटका पाहिजे होती ती गंगीच्या त्या पाठमोऱ्या घुंघटापासून. तुरुंगाचं काय, तिथं निदान भिंतीला कान नसतात.

म्हणून मॅजिस्ट्रेटनं बंदूक तपासायला पाठवली तेव्हा त्याला हुरूप आला होता. नरहरपंत यवतमाळचे, पण उभी हयात जबलपूरला बंदुकांच्या तपासणीत गेलेली. गेल्या साली पेन्शन घेऊन घरी आले होते.

"ही दोन तुझ्या बंदुकीच्याच कंपनीची भावंडं," पंत म्हणाले. "एक आर्णीच्या कापूस-जिनवाल्यांची. ती तुझ्याच खेपेतली, दुसऱ्या. आणि ही नीळकंठराव वकिलांची, पहिल्या खेपेतली. देश तोच, नळी तीच, छाप तोच. पण हंडी एक असली म्हणून रोजचा भात सारखा शिजतो का?"

"आमच्या घरी तर रोजच कच्चा राह्यते," सोबतचा शिपाई भीमराज म्हणाला. "पंत, तोंड तिकडे करा बंदुकीचं. मले अजून पेन्शन खायची हाये."

पंतांनी पहिली नीळकंठरावांची घेतली. नळी समोरच्या मातीच्या उंच धसाकडे, बोट चापापासून लांब, सगळ्यांना दिसेल असं वर उचललेलं. बोल्ट ओढला, सोडला. खट्. पुन्हा ओढला, पुन्हा सोडला. खट्. ते ओढत राहिले, सोडत राहिले, आणि बंदूक शहाण्या सुनेसारखी विचारल्याशिवाय बोलली नाही.

मग आर्णीची. खट्. खट्. भीमराज बिडी काढायला खिशात हात घालतो तोच ती कडाडली. धसातली माती उडाली. पंतांचं बोट तसंच हवेत होतं.

सेवादास उभा राहिला.

शेवटी त्याची स्वतःची. ती पहिल्याच ओढीला उडाली.

"बस्स," पंत म्हणाले. त्यांनी नीळकंठरावांच्या आणि सेवादासच्या बंदुकीची पोटं उघडली आणि आतले बोटाच्या पेराएवढे दोन तुकडे तळहातावर घेतले. "हे पाहा. घोडा या खाचेवर अडून राहतो. ही जुनी खाच, कानस लावली तर कानसच घसरते. आणि ही तुझी." कानस लागताच लोखंडाचा भुसा पडला. "घडताना पाणी नीट चढवलं नाही याला. वापरता वापरता झिजलं. बोल्ट सोडला की घोडा थांबणार कशावर? तुझा दोष नाही रे. उद्या कचेरीत कागद देतो, तू मोकळा."

विळ्याला पाणी चढलं नाही की काय होतं ते सेवादासला कोणी शिकवायला नको होतं. त्याच्या डोळ्यांना धार लागली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यानं मान वर केली, पळसाकडे पाहिलं, आणि मग सहज गोणपाटाकडे.

नीळकंठरावांच्या बंदुकीच्या दस्त्यावर एक खरचटा होता, बीजेच्या चंद्रासारखा.

तो त्यानं आधी पाहिला होता. चार सालांमागे, यवतमाळच्या दुकानात, याच खरचट्यावर त्यानं अंगठा फिरवला होता. दुकानदारानं दोन बंदुका पुढ्यात टाकल्या होत्या, एक मागच्या खेपेतली उरलेली, एक नव्या खेपेतली, पेटीतून नुकतीच काढलेली. सेवादासच्या हाताला जुनी बसली होती. पण सोबत हंसाबाई होती. पोरवयात ती बापाच्या लदेणीबरोबर, मीठ-धान्य वाहणाऱ्या बैलांच्या मागं, मुलूखभर चाललेली. बैल पारखावा तर तिनं. तिनं दोन्ही बंदुकांवर हात फिरवला, जुनीच्या खरचट्याशी थांबली आणि म्हणाली, "हे नको. जे जनावर गिऱ्हाइकं पाहून पाहून सोडून जातात, दावणीलेच पडून राह्यते, त्याच्यात खोड असते. नवी घे. फुलसिंग बी वागवीन, हलकी हाये." पिढ्यान् पिढ्यांचं शहाणपण होतं ते. बैलाच्या बाबतीत कधी चुकलं नव्हतं.

"साहेब," सेवादासनं विचारलं, "हे जुनी... चांगली हाये?"

"सोनं आहे सोनं," पंत म्हणाले.

बसमध्ये तो खिडकीशी बसला आणि एकेक बोलणं जुळवत, मोडत राहिला. सारी विलायती बंदूकच खोटी, जुनी बी तशीच उडाली, असं सांगावं. पण नीळकंठरावांचं वावर तांड्याच्या शिवेला लागून. त्यांच्या राखणदाराच्या हातातली ती विलायती बंदूक चार हिवाळे सारा तांडा ऐकत आला होता. हंसाबाई स्वतःच म्हणायची, "वकिलाची बोलली. कशी वक्तावर बोलते पाह्य." तिला हे पटलं नसतं. बंदुकीची खोड म्हटलं की पुढचा सवाल तिच्याच तोंडी येणार होता: कोणच्या बंदुकीची? आणि त्याचं उत्तर जुनी सारून नवी निवडणाऱ्या तिच्याच तळहातावर होतं.

स्टँडवर उतरताना तो भीमराजला म्हणाला, "भाऊ, कचेरीत काय लिहायचं ते लिहा. तांड्यात यातलं बोलू नका."

भीमराजनं त्याच्याकडे पाहिलं. "सुटलेला माणूस असा दिसते का बे?" म्हणाला, पण बोलणार नाही म्हणाला.

तांड्यात दिवेलागण व्हायची होती. हंसाबाई अंगणातच उभी होती. शेजारच्या दारात घुंघट दिसला, बिजलीचा एक हात दिसला, आणि तो मागे ओढला गेला.

"आला माह्या लेक," हंसाबाई म्हणाली. "इथंच सांग. मोठ्यानं सांग, ज्याले ऐकाचं त्याले ऐकू जाऊ दे. बंदूक तपासली ना साहेबानं? लोखंडातच खोड निघाली ना?"

तिचा चेहरा उजळलेला होता. पौषापासून तो असा त्यानं पाहिला नव्हता. हातातल्या हस्तिदंती चुड्यांवर सांजेचं ऊन होतं, आणि हात पुढे आलेला होता, लेकाच्या तोंडावरून फिरायला.

"नाही, याडी," तो आईला म्हणाला.

"काय नाही?"

"बंदूक चांगली हाये. साहेबानं पुन्हा पुन्हा उडवून पाह्यली. बोट माह्यंच होतं."

हात मधेच राहिला. "मंग इतके दिस मले काहून खोटं बोलला तू?"

"भेव वाटलं."

"मी साऱ्या तांड्याशी भांडलो तुह्यासाठी, सेवा. देवाची आन घेतली मी."

तिनं त्याच्याकडे पाहिलं, बाजारात पहिल्यांदाच दिसलेल्या जनावराकडे पाहावं तसं, खालून वर, वरून खाली. मग हात खाली गेला.

शेजारच्या दारातून गंगी बाहेर आली. तिनं सेवादासकडे पाहिलंही नाही. सरळ सासूपाशी गेली आणि तिच्या गळ्यात पडली. दोघींनी एकमेकींच्या खांद्यावर माना टाकल्या आणि फुलसिंगच्या नावाचा सूर धरला, तांड्यातल्या बायका धरतात तसा, रडणं आणि गाणं एकाच श्वासात. इतके दिवस तो सूर भिंतीच्या दोन बाजूंना तुटून पडला होता. आज जुळला. एक थकून थांबली की दुसरी उचलायची. फुलसिंग कसा चालायचा, काय खायचा, कोणाला हसायचा, सारं त्यात आलं. आणि शिडीखाली त्याला कोणी मारलं, तेही आलं.

सेवादास गोठ्याच्या खांबाला टेकून ऐकत होता. आईच्या तोंडून आपलं नाव त्या सुरात येताना त्यानं ऐकलं. गंगीनं हंसाबाईला हाताला धरून आत नेलं, आणि थोड्या वेळानं तिच्या चुलीवर भाकर थापल्याचा आवाज आला. मग ताटली पुढे सरकल्याचा. "खाय याडी, दोन घास तरी खाय." आणि हंसाबाई खात असावी, कारण काही वेळ रडणं थांबलं होतं.