उस्तादांनी वर केलेला हात

उस्ताद खेळायचे तेव्हा त्यांनी मारलेला चेंडू सरळ जाळ्यात असा कधी गेलाच नाही. आधी तो बचाव करणाऱ्यांच्या डोक्यावरून जायचा, मग कोपऱ्यातल्या झेंड्याची विचारपूस करायचा, पंचाच्या कानाशी काहीतरी कुजबुजायचा, आणि गोलकीपर 'गेला बाहेर' म्हणून कमरेवर हात ठेवतो न ठेवतो तोच मागून येऊन जाळ्यात बसायचा. असा एक फटका खाल्ल्यावर एका परदेशी गोलकीपरने म्हणे खेळ सोडला आणि चष्म्याचं दुकान काढलं. त्या दुकानातून चष्मे घेतलेली माणसं अजून हयात आहेत.

अशा माणसाला देशाच्या संघाचा प्रशिक्षक करायचं ठरलं, तेव्हा 'कशाला?' असं विचारणारं एकच माणूस निघालं. ती त्यांची बायको.

"अहो, बुटाची नाडी कशी बांधायची ते तुम्हाला आपल्या पोरीला शिकवता आलं नाही," ती म्हणाली. "'दे इकडे' म्हणून तुम्हीच बांधून मोकळे. सात वर्षं बांधत होतात."

"नाडी वेगळी, फुटबॉल वेगळा."

"बरं बाई, वेगळा."

वेगळा नव्हता. पहिल्याच आठवड्यात एका खेळाडूने भीत भीत विचारलं, "उस्ताद, चेंडू वळवताना पाय नेमका कुठे लावायचा?"

"चेंडूला!" उस्ताद म्हणाले. "आणखी कुठे लावतोस?" मग त्याचा पडलेला चेहरा बघून त्यांनाच दया आली. दुखरा गुडघा चोळत ते पुढे झाले, चेंडू ठेवला आणि मारला. चेंडू गावभर फिरून जाळ्यात आला. सगळ्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. सराव संपला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. वर्षभरात संघातला एकच माणूस सुधारला, तो म्हणजे उस्ताद. बाकीच्यांच्या तळहातांना तेवढे घट्टे पडले.

टाळ्या न वाजवणारा एकच होता, गोलकीपर. अंगाने उंच आणि स्वभावाने मुका, म्हणून त्याला सगळे खांब म्हणायचे. खांबाकडे एक वही होती. पेनल्टी मारणारा कोण, कधी, कुठल्या बाजूला मारतो, हे तो अकरा वर्षं त्यात टिपत आला होता. उस्ताद हसायचे. "खांब्या, वही वाचून कुणी गोल अडवलाय का रे? माणूस वाच, माणूस!"

मोठ्या स्पर्धेत जायचं तर शेवटच्या सामन्यात नुसती बरोबरी पुरणार होती. सामना संपायला दोन मिनिटं उरली होती, गोल दोन्हीकडे शून्य, आणि नेमकी आपल्याविरुद्ध पेनल्टी. समोरचा खेळाडू चेंडू ठेवत होता. खांब नेहमीप्रमाणे वही आठवून उजवीकडे झुकायच्या तयारीत होता. वहीप्रमाणे हा गडी नऊपैकी सात वेळा गोलकीपरच्या उजव्या हाताला मारायचा.

उस्तादांच्या मात्र अंगात आलं. ते बाकावरून उठले. आपण त्या जागी असतो तर? अशा वेळी आपण नेहमी गोलकीपरच्या डावीकडे मारायचो. नेहमी! त्यांनी डावा हात उंच केला. संघात त्याचा अर्थ ठरलेला होता: डावीकडे झेप घे.

खांबाने पाहिलं. मान हलवली. नाही.

उस्तादांनी हात पुन्हा वर केला, या वेळी मूठ आवळून.

खांब डावीकडे झेपावला. चेंडू उजवीकडे गेला, तोही इतक्या सावकाश की वाटेत थांबून कुणाला पत्ता विचारला असता तरी चाललं असतं.

सामन्यानंतर पत्रकारांनी पहिलाच प्रश्न टाकला, "गोलकीपर उलट्या बाजूला का गेला?" आणि उस्तादांच्या तोंडून निघून गेलं, "ते त्यालाच विचारा. पेनल्टीला निर्णय गोलकीपरचा असतो." बोलून होईपर्यंत आपण काय बोलतोय हे त्यांना कळलं नव्हतं. बोलून झाल्यावर कळलं. तेव्हा पुढचा प्रश्न आला होता.

खांबाला कुणी विचारलं, तर तो म्हणाला, "चुकलं." एवढंच.

तीन दिवसांत त्याच्या घराची काच फुटली, आणि त्याच्या मुलीने शाळेत जायचं बंद केलं. चौथ्या दिवशी फुटबॉल संघटनेच्या सचिवाने उस्तादांपुढे कागद सरकवला: गोलकीपरला संघातून कायमचं वगळण्याची शिफारस. "तुमची सही झाली की लोक शांत होतील, उस्ताद. तुमची खुर्चीही राहील."

उस्तादांनी कागदाची घडी खिशात घातली आणि ते घरी आले. जेवायला बसले.

"हात तुम्ही वर केलात," बायको म्हणाली.

"तुला कोणी सांगितलं?"

"टीव्हीवर दिसलं नाही. कॅमेरा चेंडूवर होता. पण तीस वर्षं तुमच्याशी संसार केलाय. दुसऱ्याने गाडी चालवली तरी ब्रेक तुम्ही दाबता."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते खांबाच्या घरी गेले. दुसरा मजला, खिडकीला पुठ्ठा. दार खांबाच्या बायकोने उघडलं. तिने या म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. खुर्चीवरचे कपडे तेवढे उचलले.

"मला माफ कर," उस्ताद म्हणाले. "तुझी वही बरोबर होती."

"होती," खांब म्हणाला.

"मग माझं का ऐकलंस?"

खांबाने पुठ्ठ्याची सुटलेली चिकटपट्टी दाबली. "लहानपणी तुमचे सामने रेडिओवर ऐकायचो. वाटलं, एवढा मोठा माणूस सांगतोय म्हणजे त्याला काहीतरी दिसत असणार."

"मला मीच दिसत होतो रे. अशा वेळी मी नेहमी गोलकीपरच्या डावीकडे मारायचो."

"नाही मारायचात."

"काय?"

खांबाने आतून वही आणली. "तुमच्या सगळ्या पेनल्टी पहिल्या पानावर आहेत. जुन्या फिती बघून सुरुवातच तुमच्यापासून केली होती. एकतीस मारल्यात. त्यातल्या बावीस गोलकीपरच्या उजवीकडे."

उस्तादांनी आकडे वाचले. चष्मा पुसून पुन्हा वाचले. ज्या पायावर त्यांनी जन्म काढला, तो आपल्याला न विचारताच कुठे कुठे जात होता! आणि त्या पायाच्या भरवशावर आपण या माणसाला उलट्या बाजूला पाठवलं.

"मी आज सगळं सांगतो. पत्रकारांना बोलावतो."

"ते तुमचं तुम्ही बघा," खांब म्हणाला. "मला विचारायला आले तर मी तोंड उघडणार नाही. म्हणतील, म्हातारा बिचारा सांभाळून घेतोय, तर हा लगेच त्याच्या अंगावर ढकलतोय."

आतून त्याची बायको म्हणाली, "चहा ठेवलाय म्हणावं, घ्यायचा असेल तर." उस्तादांनी घेतला. तोंड पोळलं तरी थांबले नाहीत.

दुपारी संघटनेच्या सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. उस्तादांनी खिशातला कागद काढून सर्वांसमोर फाडला. मग एक शब्द न गाळता सगळं सांगितलं. हात मी वर केला. त्याने नाही म्हटलं. मी पुन्हा केला. वर तुमच्यासमोर खोटं बोललो. वर्षभर या पोरांना मी काहीही शिकवलं नाही, कारण मला काय येतं तेच मला माहीत नाही. दोष माझा, मी निघालो.

मागच्या रांगेतला एक म्हातारा पत्रकार डोळे पुसत उभा राहिला आणि टाळ्या वाजवू लागला. त्याच्यामागून सगळे उठले.

"पोराची चूक स्वतःच्या अंगावर घेतली!" कुणीतरी ओरडलं. "याला म्हणतात मन!"

"अरे, मी खरं सांगतोय!" उस्ताद ओरडले.

"बघा, अजूनही त्यालाच वाचवतायत!"

सचिवाने त्यांचे दोन्ही हात हातात घेतले. "उस्ताद, तुमच्यासारखी माणसं आता होत नाहीत." त्याच संध्याकाळी त्याने खांबाला वगळल्याचं पत्र स्वतःच्या सहीने धाडलं. एवढ्या थोर माणसाला पद सोडायला लावणाऱ्याला संघात कसं ठेवणार?

बायको दारातच उभी होती.

"सांगितलंत?"

"सांगितलं."

"मग?"

"टाळ्या वाजवल्या."

ती खाली बसली आणि म्हणाली, "उद्या पुन्हा सांगा."

"उद्याही वाजवतील."

"मग परवा. टाळ्या थांबेपर्यंत सांगत राहा."

तेव्हापासून उस्ताद सांगताहेत. केस कापताना, बसच्या रांगेत, दवाखान्यात नंबर येईपर्यंत, दिसेल त्याला. लोक मन लावून ऐकतात, गहिवरतात आणि सही घ्यायला कागद पुढे करतात.