चंदेरी रंगाखालची कडी

मी साखळी, होडीच्या नांगराची. एरवी माझा मुक्काम पाण्याखाली, तिथं कोण कुणाचं ऐकणार? आज मला काठावरच्या दगडावर पसरून ठेवलंय, तेवढ्यात चार शब्द बोलून घेते.

जन्म माझा चिखलीचा, पत्र्याच्या एका शेडमधला. सळई तापवून वाकवली, तोंडाला तोंड जोडलं, की झाली एक कडी. तिच्यात दुसरी, दुसरीत तिसरी. आम्ही जन्मतोच एकमेकींचा हात धरून. मग गंज चढू नये म्हणून मला उकळत्या जस्तात बुडवलं आणि चाकणच्या एका दुकानात नेऊन टांगलं.

तिथं मला न्यायला ज्योतीराम आणि अंबुबाई हे नवराबायको आले. ज्योतीरामचं सारं आयुष्य निघोज्याच्या एका कंपनीत क्रेन चालवण्यात गेलेलं. नोकरी संपल्यावर तो धरणाकाठच्या आपल्या गावी परतला आणि त्यानं होडी घेतली. पलीकडच्या वाडीतल्या बाया या होडीनं अलीकडं येतात आणि कंपनीची बस धरतात. रस्त्यानं यायचं तर डोंगराला वळसा. बस चुकली की खाडा, आणि खाडे वाढले की ठेकेदार त्या जागी दुसरी बाई उभी करतो. म्हणून होडी चाललीच पाहिजे, आणि बुडता कामा नये.

तेव्हा नांगराला नुसती दोरी होती. वारा सुटला की नांगर तळावरून घसरत जायचा.

"जाड दोरी घ्या की," अंबुबाई म्हणाली. "हे लोखंड रोज वर कोण वढणार? मीच ना?"

"दोरी हलकी. ताण आला की नांगराचं तोंड वर उचलती. साखळी जड, ती तळाला पडून ऱ्हाती. मग वढ आडवी लागती आन् नांगर चिखलात रुततो."

"मग समदी साखळीच घ्या."

"त्या वजनानं होडीचं नाक खाली जाईल. खाली साखळी, वर नायलॉनची दोरी. झटके दोरी खाती."

"म्हंजे आपल्या घरातल्यावाणीच. तुमी पडून ऱ्हायाचं आन् झटके मी खायाचे."

दुकानदार हसला. ज्योतीराम मात्र माझी एकेक कडी चिमटीत धरून फिरवत होता. क्रेनवरची सवय ती. साखळीला हात लावल्याशिवाय त्यानं कधी वजन उचललं नव्हतं.

ती सवय त्यानं इथंही सोडली नाही. बायांच्या सुट्टीच्या दिवशी तो मला काठावर ओढायचा. चिखल धुवायचा, दोरी सावलीत वाळवायचा, कारण ऊन नायलॉनला आतून खातं. आणि मग बोटं. पहिल्या कडीपासून शेवटच्या कडीपर्यंत, सावकाश. अंबुबाई म्हणायची, "माझा हात कधी धरला न्हाई एवढा."

तळाच्या खडीवर घासून घासून नांगराजवळची माझी एक कडी झिजली. जस्त गेलं, खालचं लोखंड तांबूस दिसायला लागलं. आम्हाला ओरडता येत नाही. आम्हाला फक्त दिसता येतं. येत्या सुट्टीला त्याची बोटं तिथं थांबणार, याची मला खात्री होती.

पण आधी खंडेनवमी आली. ज्योतीराम झेंडू आणायला चाकणला गेला होता. त्याचा मुलगा सुजित, कंपनीतच कामाला, त्यानं पूजेसाठी होडी धुतली आणि उरलेला चंदेरी रंग मला फासला. दोन हात, चांगले दाट. कंपनीत यंत्रं रंगवतात ना, तशी. ज्योतीराम आल्यावर वर हळदकुंकू, झेंडूची माळ.

"कशी दिसतीय आप्पा?"

ज्योतीरामनं मला उचललं. बोटं गुळगुळीत रंगावरून घसरली. तो थांबला. पोराच्या हातावर अजून रंग होता, चेहऱ्यावर हसू होतं.

"बरी दिसतीय," तो म्हणाला, आणि मला खाली ठेवलं.

दसरा झाला. दुसऱ्या दिवशी दुपारी शिफ्ट सुटून बाया वाडीकडं परतत होत्या, सुजितही होडीत होता, आणि मधोमध इंजिन बंद पडलं. वारा होडीला धरणाच्या भिंतीलगतच्या खडकांकडं रेटायला लागला. अंबुबाईनं नांगर टाकला.

"सोड दोरी. आणखी सोड," ज्योतीराम म्हणाला.

"आता कुठवर सोडू, माझ्या म्हायेरापतूर?"

"सोड. जेवढी लांब, तेवढी साखळी आडवी पडंल."

मी तळाला लांब पडले. नांगर रुतला. सगळी ओढ त्या झिजल्या कडीवर आली आणि ती उघडायला लागली. मी ठरवलं, वरच्या बायांसाठी तरी सुटायचं नाही. वर ज्योतीराम इंजिनचा तुंबलेला फिल्टर साफ करत होता. इंजिन धडधडेपर्यंत मी धरून होते.

वाडीच्या काठावर आल्यावर त्यानं मला वर ओढलं. त्या कडीवरचा रंग अंड्याच्या कवचासारखा फुटला होता आणि आत लाल गंज, केसाएवढी फट. ज्योतीराम तिथंच बसला.

"मी रंगवली म्हणून झालं," सुजित म्हणाला.

"तू रंगवलीस. मी बघून गप ऱ्हायलो." मग तो उठला. "समदा रंग उतरल्याबिगर होडी सुटणार न्हाई."

"पूजेचा रंग हाय आप्पा. खरवडायचा?"

"पूजा साखळीची केली का रंगाची?" अंबुबाई म्हणाली आणि तारेचा ब्रश त्याच्या हातात दिला.

बायांमधली साक्षी पुढं आली. "भाऊ, उद्या होडी नाही म्हणजे आम्हा सगळ्यांचा खाडा."

"ठाऊक हाय. तरी न्हाई."

साक्षीनं वाऱ्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. पदर खोचला आणि काथ्याची मूठ उचलली.

तेव्हापासून सगळ्याजणी मला घासत बसल्यात. कुणी काथ्यानं, कुणी विटकरीनं. सुजितनं ती झिजलेली कडी आणि तिच्याखालच्या कड्या करवतीनं कापून काढल्या, नांगर पुढच्या निरोगी कडीला जोडला. मी थोडी आखूड झालेय, पण आहे ती पक्की आहे.

मला सजवू नका. कुंकवाचं एक बोट पुरे. पण हात फिरवत जा, आपल्याला रोज धरून ठेवणाऱ्या माणसावरून फिरवावा तसा.

ऊन कलतंय. ज्योतीरामची बोटं पहिल्या कडीवर आलीत. बाया त्याच्या हाताकडं बघतायत. एक कडी, पुढची, पुढची. शेवटच्या कडीशी तो जरा जास्त थांबला. ती त्यानं उलटी केली, पुन्हा सुलटी केली.

"हां," तो म्हणाला. "सकाळी वेळेवर या गं."