माझी मधली पानं कुणी उघडत नाही

मी संभाजीचा पासपोर्ट बोलतोय, आणि आज चिडूनच बोलतोय. माणसं माझं पहिलं पान आणि शेवटचं पान झेरॉक्स मशीनवर दाबतात आणि मला मिटून ठेवतात. माणूस कधी गेला, कधी आला, हे सांगणारे शिक्के मधल्या पानांवर असतात. ते वाचायला कुणाला वेळ नाही.

मी जन्मलो तेव्हा हैदराबाद आंध्र प्रदेशात होतं. वर्षाच्या आत राज्याचे दोन भाग झाले, हैदराबाद तेलंगणात गेलं आणि माझ्यावरचा पत्ता जुना झाला. जो तो कारकून माझ्याकडे संशयानं बघायचा. जणू राज्य मीच तोडलं!

संभाजी एसी दुरुस्तीतला जाणकार. त्याला मस्कतला सुपरवायझरची नोकरी लागली. तिकीट सप्टेंबरच्या मध्याचं होतं, पण त्याची आई सावित्रीबाई आडवी आली.

"पितरपाठात कुणी घर सोडतं का रे? दसरा होऊ दे. शीव ओलांडायचा दिवस तो. मंग जा."

आईपुढं कुणाचं चालतं? तिकीट बदललं. घरोघरी आपट्याची पानं देऊन झाली आणि मग तो निघाला. विमानतळावर माझ्यावर पहिला शिक्का बसला तेव्हा मला कोण आनंद झाला होता!

पुढच्या जुलैत तो रजेवर आला तो परत न जाण्याचं ठरवूनच. हैदराबादेतच, गौलीगुड्यात स्वतःच्या दुकानासाठी जागा बघितली होती, डिपॉझिटपुरते पैसे साठले होते. फक्त इन्कम टॅक्सचं रिटर्न भरायचं राहिलं होतं. शहाणपण शिकवायला मेहुणा हिम्मतराव हजर.

"मस्कतला टॅक्सच नाही, मग इथं कायको सांगायचं? एनआरआय लिही अन् मोकळा हो."

मी पिशवीत नुसता धुमसत होतो. अरे, मला एकदा उघडा तरी!

आबिड्सच्या यादगिरी नावाच्या कर सल्लागारानं मला उघडलं. एकेक पान सावकाश उलटून तो शिक्क्यापाशी थांबला.

"संभाजीराव, आप तो अक्टूबर में निकले. अप्रैल से गिनो तो आधे साल से ज्यादा यहींच थे. उस साल के आप यहीं के रहिवासी. मस्कत की पगार भी यहाँ बताना पड़ता. दसरे के पहले, सितंबर में ही निकल जाते तो नहीं लगता था."

"अन् नाही सांगितलं तर?" हिम्मतरावानं विचारलं.

"वो मेरे हाथ से नक्को."

संभाजीनं माझ्यावरच्या त्या शिक्क्यावर बोट ठेवलं. मग म्हणाला, "लिहा. कष्टाचा पगार आहे, लपवू कशाला?"

टॅक्स भरला आणि डिपॉझिटच्या पैशाला मोठं भगदाड पडलं. दुकानाची जागा दुसऱ्यानं घेतली. संभाजीनं मस्कतला कळवलं, मी परत येतोय.

सावित्रीबाई डोळ्याला पदर लावून म्हणाल्या, "मीच थांबवलं रे तुला."

"तुझं काय चुकलं, आई? वरीसभराचा तर प्रश्न हाय."

मला राग येतो, पण काढू कुणावर? आईनं मायेनं थांबवलं. यादगिरी खरं तेच बोलला. उरला हिम्मतराव, आणि त्याला बोलून काय उपयोग, पालथ्या घड्यावर पाणी!

बाबांनो, परदेशी निघताना पंचांग जरूर बघा. पण एप्रिलपासूनचे दिवसही मोजा, आणि परत आलात की माझी मधली पानं उघडा. कपाटात पडून राहायची माझी फार इच्छा होती. आता उद्या पहाटे पुन्हा विमानतळ. संभाजी इथलाच रहिवासी असल्याचं रिटर्नवर लिहिलं गेलं, आणि त्यापायीच त्याला घर सोडावं लागतंय.